दोन पार्ट्यांचा माल

भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात शुगर असणं म्हणजे चार लोकांत बसायची सोय. हळदीच्या मांडवात मटणाची पंगत उठली की पुरुष मंडळी खुर्च्या गोल करतात आणि एकमेकांची शुगर विचारतात.

"तुजी किती?"

"दोनशे सत्तर."

"मंग कायच न्हाय. माजी सवातीनशे."

ज्याची जास्त, त्याचा आवाज मोठा. माझी निघाली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि खरं सांगतो, मला बरंच वाटलं. शेतं गोडाऊनला गेली, घरावर मजला चढला, दारात गाडी लागली. शुगर तेवढी यायची राहिली होती.

मनाच्या आजाराला मात्र त्या मांडवात खुर्ची नाही. त्याच्यासाठी आमच्याकडे ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळावरून एकच वाक्य आहे, "याला ठान्याला न्यायला पायजे." माझी झोप उडाली, कशातच जीव लागेना, तरी त्या वाक्याच्या भीतीने मी वर्षभर गप्प राहिलो. एकदा भर ड्युटीवर लहान मुलांच्या डायपरच्या खोक्यांना डोकं टेकवून रडलो, तेव्हा गुपचूप डॉक्टर गाठला. तोही मुद्दाम कल्याणचा. ठाण्याला जातोय म्हणून सांगितलं असतं तर गाव पोचवायला आलं असतं.

मी गोडाऊनला सुपरवायझर आहे. गोडाऊन आमच्याच शेतात उभं आहे. ज्या बांधावरून मोठ्या भावाशी लहानपणी भांडायचो, तिथे आता ट्रक लागायचा चार नंबरचा डॉक आहे. आमच्या कामाचा पहिला नियम असा की दोन पार्ट्यांचा, म्हणजे दोन कंपन्यांचा, माल एका रॅकला लावायचा नाही. मिसळला की शाम्पूच्या दुकानात डायपर पोचतात. पंधरा वर्षं हा नियम मी हमालांच्या कानात ओरडत आलोय. तोच मी स्वतःच्या अंगाला लावला.

शुगर-बीपीची फाईल घरी फ्रिजवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. कल्याणची फाईल आणि गोळ्या गोडाऊनच्या डॅमेज मालाच्या पिंजऱ्यात, फुटक्या मिक्सरच्या खोक्यात. शुगर बघणाऱ्या भिवंडीच्या डॉक्टरीणबाईंना कल्याणचा पत्ता नाही. कल्याणच्या डॉक्टरांनी विचारलं, "दुसरा काही आजार?" मी म्हणालो, "नाही, एकदम फिट." तेव्हा माझं पोट त्यांच्या टेबलाला टेकलं होतं.

कल्याणच्या गोळ्यांनी झोप आली, रडू थांबलं. पण अशी भूक लागायला लागली की मी टपरीवरच्या एकेका खारी बिस्किटाला नावानं ओळखू लागलो. वजन वाढलं, शुगर चढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही चोरून खाताय." बायकोने ते वाक्य मनावर घेतलं. तांदळाची भाकरी बंद, भात बंद, आंबे शेजाऱ्यांना वाटले. मी बसलो नाचणी चावत. आता यावर कुठल्याही शहाण्या माणसाने एका डॉक्टरला दुसऱ्याबद्दल सांगितलं असतं. मी अतिशहाणा. मी कुणाला न विचारता कल्याणच्या गोळ्या बंद केल्या.

बंद केल्या म्हणजे घेणं बंद केलं. आणायचो मात्र वेळेवर. डॉक्टरांना वाईट वाटायला नको. थोड्याच दिवसांत सगळं परत आलं. चालायला जायचं म्हटलं की बूट घालण्याइतकीही ताकद नसायची. दिवसाला पाच-सहा कटिंग चहा, तेही गोडच. मग शुगर-बीपीच्या गोळ्याही राहू लागल्या. ठरवून नव्हे, हातच उचलवत नव्हता. घरी दिसू नयेत म्हणून त्या पाकिटांची रवानगीही मिक्सरच्या खोक्यात झाली. सुपरवायझरसाहेबांनी अखेर दोन्ही पार्ट्यांचा माल एका खोक्यात लावला होता.

एके दुपारी बायको न सांगता डबा घेऊन गोडाऊनला आली. डबा नावापुरता, आली होती धाड घालायला.

"पेढे कुठं ठेवल्यात?" तिने विचारलं.

"कसले पेढे?"

तिने माझं टेबल पाहिलं, कपाट पाहिलं आणि सरळ डॅमेजच्या पिंजऱ्यात शिरली. बावीस वर्षं संसार केलेल्या बाईला कुठे बघायचं ते कळतं. तिने खोकं उघडलं. पाकिटांवर पाकिटं, एकही फोडलेलं नाही, आणि खाली कल्याणची फाईल.

मी म्हणालो, "डॅमेज माल हाय, परत पाठवायचाय."

ती हसली नाही. तिथेच एका लाकडी पॅलेटवर खाली बसली.

"भावजींच्या गादीखाली पन अशीच निंगाली व्हती," ती म्हणाली.

माझा मोठा भाऊ तीन वर्षांपूर्वी हार्टने गेला. त्याला बीपी होतं. दहाव्यानंतर हिनेच त्याची गादी उन्हात टाकायला काढली, तेव्हा खाली गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. आम्ही सगळे म्हणालो, निष्काळजी होता. विषय तिथेच मिटला.

"तुमी पन तसंच करनार हाव का?" तिने विचारलं. मला एकही विनोद सुचला नाही. मी घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती दोन्ही फायली घेऊन माझ्याबरोबर भिवंडीला आली आणि तिने त्या टेबलावर एकीवर एक ठेवल्या. डॉक्टरीणबाईंनी वाचल्या, आणि माझी अपेक्षा होती तेवढं त्या ओरडल्या नाहीत.

"मन खचलं की माणूस चालत नाही, झोपत नाही, गोळ्या घेत नाही," त्या म्हणाल्या. "मग शुगर वाढते, बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो. आणि शुगर वाढलेली राहिली की मन आणखी खचतं. मनाच्या काही गोळ्यांनी वजनही वाढतं. त्या बदलता येतात, पण आम्हाला कळायला तर पाहिजे! रक्त एकच आहे हो तुमचं."

मग त्यांनी माझ्यासमोरच कल्याणला फोन लावला. दोन डॉक्टर माझ्याबद्दल बोलत होते आणि मी शाळेत आईबापाला बोलावलेल्या पोरासारखा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. फोन ठेवून त्यांनी नवा कागद घेतला.

"घरात कुणाला हार्टचा त्रास?"

"मोठ्या भावाला."

"त्यांना मनाचा काही त्रास होता?"

"नाही," मी पटकन म्हणालो.

बायकोने खुर्ची पुढे ओढली. "व्हता, डॉक्टर," ती म्हणाली. "आमाला कळला न्हाय."

शेतं गेल्यावर भाऊ रिकामा झाला, आणि शेवटची दोन वर्षं तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी त्याला 'शेठ' म्हणायचो. "शेठ, उठा आता, सूर्य डोक्यावर आला!" घरातले हसायचे, सगळ्यांत मोठ्याने मी. एकदा तोही भिंतीकडे तोंड करूनच हसला होता. तेव्हा मला वाटलं होतं, विनोद जमला.

"होता," मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो. "दोन वर्षं होता. मी त्याला हसायचो."

त्यांनी 'होता' एवढंच लिहिलं. मग पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. बायकोने पर्समधून खोक्यातलंच बीपीच्या गोळ्यांचं एक पाकीट काढलं, डॉक्टरांना दाखवून विचारलं, "ही आता घ्यायची ना?" आणि त्यांनी मान हलवल्यावर पाकीट फोडून गोळी माझ्या तळहातावर ठेवली.