अखंड आढं आणि उस्मानचाचांचा नवाब

आमच्या ठाकुर्लीच्या घराचं आढं दोन तुकड्यांचं आहे आणि त्याला एक घोडा जबाबदार आहे, असं मी आल्यागेल्या पाहुण्यांना गेली कित्येक वर्षं सांगत आलोय. पाहुणे वर छपराकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि आत कमल (माझी बायको) मुद्दाम भांडी आपटते. तेव्हा आज काय ते खरं सांगून टाकतो. नाहीतरी भांडी आता फारशी उरलेली नाहीत.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झालेली. माझे वडील, अण्णा, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर त्यांनी ठाकुर्लीला जागा घेऊन घर बांधायला काढलेलं. भिंती उभ्या राहिल्या. आता आढं चढवायचं होतं. आढं म्हणजे छपराचं मधलं, सगळ्यात वरचं लाकूड. दोन्ही बाजूंचे वासे त्यालाच टेकतात. ते चढवायला मुहूर्त असतो, नारळ असतो, सुताराला उपरणं असतं, आणि आमच्याकडे त्याशिवाय अण्णा होते.

"आढं एकसंध हवं," अण्णा म्हणाले. "जोडाचं आढं म्हणजे घरात फूट. माझं बाकी काही मागणं नाही. स्वतःच्या अखंड आढ्याखाली डोळे मिटायचेत, बस्स!"

सुदैवाने आमच्या शेजारच्या बाळारामच्या बांधावर एक सरळसोट ऐन होता. बाळाराम इथला जुना आगरी शेतकरी, अण्णांना फार मानणारा. त्याने झाड तोडून, साल काढून, पंधरा हात लांब ओंडका तयार ठेवला. बांध होता रुळांच्या कडेला, ठाकुर्ली आणि कल्याणच्या मधोमध. ओंडका तिथून घरी आणायचा, एवढंच काम. मुहूर्त गुरुवारी दुपारी साडेबाराचा.

"सकालीच बैल जुपतो नि आनून टाकतो," बाळाराम म्हणाला. "कनाला काळजी करतंव?"

इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण त्याच आठवड्यात मी एका जुन्या मासिकात एक चित्र पाहिलेलं! कुठल्याशा थंड मुलखात एक भलाथोरला घोडा जंगलातून ओंडका ओढत नेतोय, आणि मागे एक मिशाळ गृहस्थ नुसता लगाम धरून चालतोय. त्या चित्राने माझी झोप उडवली. आपल्याकडे लाकूड ओढतात बैल, रेडे, नाहीतर माणसं. मग घोड्याने काय घोडं मारलंय? आपला घोडा ओंडका ओढतो का? कसा ओढतो? हे बघितल्याशिवाय मला चैन पडेना.

"अहो, पण तुम्हाला घोड्यातलं काय कळतं?" कमलने विचारलं.

मी दुखावलो. लढाईच्या काळात मी लष्करात घोड्यांच्याच खात्यात होतो! (म्हणजे घोड्यांच्या दाणागवताच्या कचेरीत कारकून होतो. प्रत्यक्ष घोडा दोनदा पाहिला, दोन्ही वेळा मागून.) पण हे कंस मी तेव्हा उघडले नाहीत. मी बाळारामला म्हटलं, "बैल राहू देत. घोडा आणतो."

"घोरा?" बाळाराम कपाळावर हात मारून म्हणाला. "मधूभाव, घोऱ्याला लाकूर दावलाय का कदी कोनी?"

"म्हणून तर बघायचं!"

कल्याण स्टेशनवर टांगा हाकणारे उस्मानचाचा माझ्या ओळखीचे. त्यांचा घोडा नवाब. रंग तांबडा, वय विचारू नये असं. चाचांनी सगळं ऐकलं, दाढी कुरवाळली आणि त्यांच्याही डोळ्यांत तीच खाज दिसली. "साब, अपना नवाब आजतक सवारीच खींचा है. लकडा खींचेगा क्या? मेरेकोभी देखनेका है!"

झालं! गुरुवारी दहा वाजता आम्ही बांधावर जमलो. चाचांनी टांग्याची वरची पेटी काढून नुसती चाकं, आस आणि पुढच्या दांड्या आणलेल्या, पायाने वाजवायच्या घंटेसकट. ओंडक्याचं पुढचं टोक आसावर आणि दांड्यांवर दोरखंडाने आवळलं, मागचं टोक जमिनीवर सोडलं. नवाबला जुंपला. आणि आमचं वाहन उलार झालं! म्हणजे मागे भार जास्त, त्यामुळे पुढच्या दांड्या वर उचलल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर नवाबही. त्याचे पुढचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. तो मान वळवून आमच्याकडे बघत राहिला.

"आगे वजन मंगता," चाचा म्हणाले. "दो सवारी आगे बिठाव."

मुहूर्ताचं लाकूड नजरेआड होऊ द्यायचं नाही म्हणून अण्णा आलेले. गंमत बघायला म्हणून कमल आलेली. मी दोघांना ओंडक्याच्या पुढच्या टोकावर बसवलं. अण्णांच्या अंगावर मुहूर्तासाठी काढलेला कोट, डोक्यावर पगडी, हातात नारळ. कमल नवी साडी सावरत म्हणाली, "आई गं, वरातीला निघाल्यासारखं वाटतंय!" दांड्या खाली आल्या. नवाबच्या पाठीवर ओळखीचा भार पडला, त्याने कान टवकारले. चाचांनी घंटा दोनदा वाजवली आणि नवाब चक्क चालायला लागला! ओंडका सुरळीत मागून येत होता. मला तर नाचावंसं वाटलं.

"ओढतो हो, ओढतो!" मी ओरडलो. "बाळाराम, बघ!"

"चाललाय खरा," बाळाराम कबूल झाला. "पन पुढं काय व्हतंय बघू."

आता मासिकातल्या मिशाळ गृहस्थासारखा लगाम माझ्या हातात हवा होता. चाचा म्हणाले, "साब, गाडीका टाइम हुआ है. जरा ठैरो. पॅसेंजर निकल जाने दो, फिर चलेंगे."

"चाचा, घोड्यांच्या खात्यात होतो मी. तुम्ही मागे बघा," असं म्हणून मी लगाम घेतला आणि चाचांना ओंडक्याच्या शेपटाशी बाळारामबरोबर पहार देऊन उभं केलं.

आम्ही रस्त्याला लागलो. डावीकडे वळलं की घर, उजवीकडे वळलं की कल्याण. मी लगाम डावीकडे ओढला, आणि नेमकी त्याच क्षणी रुळांवर पॅसेंजरची लांबलचक शिट्टी झाली.

वाचकहो, टांग्याच्या घोड्याला गाडीची शिट्टी म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नवाबला बारा वर्षं ठाऊक होतं. सवारी बसलेली, घंटा झालेली, गाडी येतेय, आणि आपण स्टेशनपासून एवढे लांब? तो उजवीकडे वळला आणि सुटला! लगामाबरोबर मीही उजवीकडे वळलो. दहा पावलांत लगाम माझ्या हातातून गेला.

"अण्णा, उतरा!" मी धावत ओरडलो.

"चालत्या वाहनातून उतरू नये!" अण्णांनी हेडमास्तरी आवाजात उत्तर दिलं आणि नारळ छातीशी घट्ट धरला. कमल त्यांच्या कोटाला धरून हसत होती. बारा वर्षांच्या संसारात मी तिला इतकं हसवलं नव्हतं.

मी, चाचा आणि बाळाराम धापा टाकत कल्याण स्टेशनच्या आवारात पोचलो, तेव्हा नवाब टांग्यांच्या रांगेत आपल्या जागी शिस्तीत उभा होता. मागचा एक पाय सैल सोडून विश्रांती घेत होता. ओंडक्याचं शेपूट मात्र वळताना मागच्या टांग्यांच्या आडवं येऊन लोखंडी कठड्यात अडकलेलं. गाडी लागलेली, उतारू बाहेर येत होते आणि मागचे टांगेवाले कल्ला करत होते. त्यात एक गृहस्थ ट्रंक घेऊन अण्णांसमोर उभे राहिले.

"पारनाक्याला येता का?"

"हे आढं आहे," अण्णा म्हणाले.

"असू द्या हो, आम्ही दोघंच आहोत," असं म्हणून त्यांनी ट्रंक ओंडक्यावर ठेवली आणि बायकोला हाक मारली.

तेवढ्यात हवालदार आला. "बिल्ला?"

"कशाचा?" मी विचारलं.

"टांग्याचा."

"हा टांगा नाही."

"मग टांग्यांच्या लायनीत का उभा?"

मी नवाबकडे बोट दाखवलं. "पाच मिनिटांत रस्ता मोकळा करा," हवालदार म्हणाला, "नाहीतर लाकडासकट चौकीवर चला!" स्टेशनच्या घड्याळात अकरा होत आलेले. साडेबाराला मुहूर्त. मी दोरखंड ओढून पाहिला, कठड्याला खांदा लावून पाहिला, नवाबला हात जोडून पाहिले. लाकूड तसूभर हलेना. चाचा मागून सारखे म्हणत होते, "ठैरो साब, जरा ठैरो!" पण ऐकतो कोण? माझं डोकं पार फिरलेलं. समोरच लाकडाची वखार होती, तिच्या दारात दोन करवतवाले ही मजा बघत उभे होते. आणि मी, हो, मीच, त्यांना म्हणालो, "कापा! मधोमध कापा!"

कमलपाठोपाठ अण्णा ओंडक्यावरून उतरले. "मधू, अखंड..." एवढंच म्हणाले.

"अण्णा, मुहूर्त चुकेल!"

करवत चालू झाली. ऐनाचं लाकूड चिवट, पंधरा-वीस मिनिटं लागली. गर्दी जमली, म्हणून हवालदारही पाच मिनिटं विसरून बघत राहिला. शेवटी ओंडक्याचे दोन तुकडे झाले. मी घाम पुसत मान वर केली.

आवार रिकामं होतं.

पुढचे टांगे केव्हाच सवाऱ्या घेऊन गेलेले. मागच्यांनी कठड्याला वळसा घालून वाट काढलेली. पारनाक्यावालेही दुसऱ्या टांग्यात बसून गेलेले. नवाबला दोन पावलं पुढे घेतलं असतं, तर शेपूट आपोआप सुटलं असतं आणि अख्खा ओंडका आरामात वळला असता.

"मैं येइच बोल रहा था साब," चाचा हळूच म्हणाले. "गाडी गयी तो जगा होती है."

बाळाराम बैल आणायला गेला.

गंमत म्हणजे मुहूर्त चुकला नाही. साडेबाराला दोन मिनिटं असताना आम्ही घरी पोचलो, दोन तुकडे घेऊन. मुहूर्तावर अण्णांनी नारळ वाढवला, मग सुताराने लोखंडी पट्ट्या मारून तुकड्यांचा जोड केला आणि अण्णांनी सगळ्यांना पेढे दिले. मलाही दिला. रागावले असते तर बरं झालं असतं. मी पेढा हातात धरून उभा राहिलो आणि मला खरंच रडू आलं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "खा. ओंडका ओढला मात्र त्याने. मान्य करायला हवं."

पुढे त्या आढ्याखाली अण्णा चांगली वीस वर्षं नांदले. घरात फूट पडली नाही, फक्त जोडाखाली पावसाळ्यात ठिबकतं. पहिल्याच पावसात अण्णांनी कुणाला न विचारता माझा पलंग त्याखाली सरकवला. तो अजून तिथेच आहे. दर आषाढात कपाळावर पहिला थेंब पडला की कमल अंधारात विचारते, "काय हो, घोडा ओंडका ओढतो का?"

"ओढतो गं," मी म्हणतो. "फक्त बरोबर घोड्यातलं कळणारा माणूस नको."