गच्चीतली उशी

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचे मालक ट्रेलर घेऊन कधी परतणार, हे कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसाआधी त्यांच्या उशीला कळतं. उशी धुऊन गच्चीत पडली, की ती वाळेपर्यंत मालक हजर! वहिनी साताऱ्याकडच्या. उशी अशा धोपटतात, की खांदेश्वरची कबुतरं पनवेलला बिऱ्हाड हलवतात. आतल्या कापसाच्या गाठी मोकळ्या करताना उशीला दमही देतात, "फूग की गं भवाने, ह्यांचं टक्कल टेकायचंय तुझ्यावर!"

परवा उशी खडखडीत वाळली आणि मालकांचा फोन आला. तिकडूनच दुसरा माल मिळाला होता. येणं महिनाभर लांबलं.

"बरं," वहिनी एवढंच म्हणाल्या. उशी उलटीपालटी करून दाबली, गालाला लावली आणि सरळ बादलीत बुडवली.

दोरीवरचे आमचे कपडे काढता काढता मी ओरडलो, "अहो वहिनी, वाळली होती की!"

"कुटं वाळली, भावजी? वाळली की हे येत्यात. आलं न्हाईत, म्हंजी ओलीच हाय."

थापा मी जन्मभर मारल्यात, पण इतक्या सरळ चेहऱ्यानं एकही नाही.

"हो, चांगलीच ओली आहे," म्हटलं, आणि पिळायला दुसरं टोक धरलं.