टेबलावर मावणारे पेशंट

दवाखान्यात किस्से साचतात ते कुत्र्यांच्या केसांसारखे. कितीही झाडा, कोपऱ्यात एखादा पुंजका निघतोच! बारामतीत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढून मला आता बरीच वर्षं झाली. आजकाल लोक मोबाईलवर अपॉइंटमेंट घेतात, चकचकीत बास्केटमधून मांजर आणतात. बरं वाटतं, पण सुरुवातीच्या दिवसांची सर त्याला नाही.

तेव्हा जनावरांचा डॉक्टर म्हणजे गाई-म्हशींचा. कुत्र्याला इंजेक्शन द्यायला कोण आणणार, ही धास्ती मला रोज असायची. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ आले, माझं स्टीलचं टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि काळजीनं म्हणाले, "डॉक्टर, ह्याच्यावर आमची म्हस कशी मावायची?"

*

हळूहळू कुत्री येऊ लागली. पण दर दुसऱ्याचं नाव टायगर! आमचे कंपाउंडर बबनराव कळंबचे, आवाज खणखणीत. त्यांनी दारातून "टायगर!" म्हणून पुकारा केला की तीन मालक एकदम उठायचे. मग त्यांनी तोडगा काढला. "टायगर इंदापूर! टायगर मोरगाव! चला, टायगर भिगवण!"

एकदा रस्त्यानं जाणारी म्हातारी पिशवी सावरत घाईघाईनं आत आली. "आरं, मोरगावची गाडी लागली व्हय?"

*

एका सूनबाईंना मी कुत्र्याची जंताची गोळी पेढ्यात दडवून द्यायला सांगितली. पुढच्या खेपेला त्या आल्या त्या खाली मान घालूनच.

"गोळी दिली का?"

"पेढा फळीवर ठिवला हुता. मामंजींनी खाल्ला."

मी घाबरलो. "बरे आहेत ना ते?"

"बरं? पोट साफ झालं म्हनत्यात. आनखी एक पेढा मागत्यात!"

*

मोरगावच्या एक आजी मोत्याला घेऊन आल्या. त्याला उलट्या होत होत्या. तपासून मी म्हटलं, "आज फक्त दहीभात द्या."

"आज कसा दिऊ? संकष्टी हाय."

"अहो आजी, उपास तुमचा ना?"

"दोघांचा बी. ह्यो माझ्याबरूबर खिचडी खातो, भाताला शिवत न्हाय."

बराच वेळ समजावल्यावर आजी दहीभाताला तयार झाल्या, पण चंद्र उगवल्यावरच! बबनरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि मी औषधाच्या चिठ्ठीवर चंद्रोदयाची वेळ लिहून दिली.

बबनराव आता रिटायर होऊन गावी असतात. दवाखान्यात नंबर स्क्रीनवर येतो, कुणी पुकारत नाही. मला त्यांची फार आठवण येते.

*

आता अंथुर्ण्याच्या तात्यांचं सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर. मुलगा नोकरीला लागला, तात्यांचे गुडघे कामातून गेले, म्हणून कळप विकून टाकला. त्या दिवसापासून त्यांच्या काळ्या कुत्र्यानं अन्न सोडलं. मेंढरं बसायची त्या रिकाम्या जागेत तो नुसता पडून राहायचा.

मी रक्त तपासलं, ताप बघितला, काहीच निघेना. काळ्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. तात्यांचेही गाल बसले होते. काळ्याच्या पाठीवर हात फिरवत ते म्हणाले, "त्या कळपातलं येवढंच राह्यलंय बघा. ह्याला वाचवा, डॉक्टर."

मी सलाईन लावलं आणि न राहवून म्हटलं, "तात्या, दोन मेंढरं परत आणा. ह्याच्यासाठी."

बरोबर आलेला मुलगा वैतागला. "कुत्र्याला सोबत म्हनून मेंढरं? गाव हसंल की आमाला!"

सलाईन संपल्यावर तात्यांनी काळ्याला उचललं आणि ते निघाले.

महिन्याभरानं तात्या आले, बरोबर काकू आणि काळ्या. काळ्या असा तुकतुकीत की टेबलावर क्षणभर थांबेना! तात्या खुशीत होते. "दोन मेंढरं दारात आली, आन्‌ त्याच सांजंला भाकरी खाल्ली बघा ह्यानं!"

काळ्याला घेऊन तात्या बाहेर पडले. काकू मुद्दाम मागं राहिल्या. दाराकडं एकदा बघून हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांनी बी."