बिनकूलरची घरं

घर बांधून झालं की मालक किल्ली घेऊन जातो आणि किस्से आमच्याकडे उरतात. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात मी आणि माझा नवरा अनिल अशी घरं डिझाईन करतो, जी उन्हाळ्यात आपोआप गार राहतात आणि थंडीत हीटर मागत नाहीत. जाड भिंती, पांढरं छत, वारा खेळेल अशा खिडक्या. बांधणं सोपं, पटवणं कठीण.

*

तिरोडीचे बोरकरकाका खाणीतून रिटायर झालेले. नकाशा पाहून म्हणाले, "एसीसाठी भिंतीत भोक ठेवा."

"काका, एसी लागणारच नाही."

"मले माहीत आहे. जावयाले माहीत नाही ना."

पुढच्या उन्हाळ्यात जावई खरंच एसी घेऊन आले. तोवर भोकात चिमणीनं घरटं केलं होतं. काका भिंतीपुढे उभे राहिले. "आता हे लेकरं घेऊन चिमणी कुठं जाईन?"

एसी खोक्यातच राहिला. जावई जेवून चटईवर आडवे झाले, ते थेट चहालाच उठले.

*

बिरसा गावच्या मेश्राम मॅडम शिक्षिका. त्यांच्या आईला खाटेवरून उठता येत नाही. अनिलनं सांगितलं, "पश्चिमेला खिडकी नको, खोली तापेल."

आई म्हणाल्या, "पोरगी शाळेतून त्याच रस्त्यानं येते. मंग मी काय पाहू?"

अनिलनं नकाशा गुंडाळला. आता तिथं खाटेच्या उंचीला छोटी खिडकी आहे, बाहेर बांबूचा पडदा. दुपारभर तो खाली असतो. शाळा सुटायच्या वेळी आई स्वतः दोरी ओढतात.

*

मलाजखंडचा वासनिक खाणीत डंपर चालवतो. नव्या घरातल्या पहिल्या मे महिन्यात भरदुपारी त्याचा फोन आला. "मॅडम, बाळ रडूनच नाही राह्यलं, आवाजच नाही त्याचा."

मी खुर्चीतून उठलेच. "काय झालं?"

"झोपलं आहे. जुन्या घरात दुपारी कधी झोपलंच नाही. घामोळ्यानं रडत राहे. आमी आता काय करू?"

"तुम्हीही झोपा," मी म्हटलं.

*

आणि गावातल्याच शेंडेकाकू. नव्या घरात राहायला गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात भेटल्या, जरा गोंधळलेल्या.

"हे बोलतात," काकू म्हणाल्या.

"कोण, काका?"

"हौ. दुपारी पडल्या पडल्या, हळू आवाजात. पहिलेही बोलत असतीन. पण तो लोखंडी कूलर एवढा घरघर करे, मले ऐकूच नाही आलं. मले वाटे, माणूसच घुम्या आहे."

"काय बोलतात?"

काकूंनी पदर सारखा केला. "ते तुले काहून सांगू?"