एक जूनचं तिकीट

आमच्या गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. त्या दिवशी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केकची चित्रं येतात, आणि ज्यांच्यासाठी ती येतात त्यांना त्याचा पत्ता नसतो. खरा जन्म कुणाचा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासचा, कुणाचा पोळ्याचा. पण त्या काळी शाळेत नाव घालायला नेलेल्या पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचला, की मास्तर सहा वर्षं पुरी धरायचे आणि तारीख एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून एक जून. माझ्या आईचंही तसंच झालं. शिंदखेडा तालुक्यातल्या तिच्या गावी ती दोन वर्षं शाळेत बसली. अक्षरं विसरली, तारीख राहिली. पुढे आधार कार्डावर तीच आली.

सहलीचं मूळ मागच्या उन्हाळ्यातलं. जळगावात आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता परत करतो. एका संध्याकाळी टीव्हीवर हवामान सांगत होते. थंड हवेच्या एका ठिकाणी माणसं शाली पांघरून चहा पिताना दाखवली. आई कूलरसमोर ओला पदर डोक्यावर घेऊन बसली होती.

"हाई आतेनं शे का?" तिने विचारलं.

"आत्ताचंच आहे, माय. मे महिन्यातलं."

"मे महिनामा लोके गोधडी पांघरतस?"

"डोंगरावर पांघरतात."

तिने ओला पदर पिळून पुन्हा डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "मंग एकदाव देखनं पडी."

आई कशाचा हट्ट धरणारी बाई नव्हे. साडी आणली तर "कशाले आनी?" म्हणणारी. म्हणून हे वाक्य मी लक्षात ठेवलं. मे महिन्यात एक रात्र गोधडी पांघरून झोपायचं, एवढंच तिला हवं होतं.

मी एका डाळ मिलमध्ये हिशेबाचं काम करतो. फेब्रुवारीत अंदाज मांडायला बसलो. महाबळेश्वर पहिल्याच बेरजेत गळालं. पचमढीला भुसावळवरून रेल्वे सोयीची आहे, पण उतरल्यावर पुढचा डोंगर भाड्याच्या जीपने चढायचा, आणि जीपवाल्याचा दर माणसाचं तोंड बघून ठरतो. सापुतारा जवळ, पण ते गुजरातेत. आपल्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट असतं ते हद्दीपर्यंतच. राहिलं तोरणमाळ. आपल्याच राज्यात, गर्दी कमी, खोल्या साध्या. शिवाय वाटेत धुळे. तिथे माझी मोठी बहीण, अक्का, राहते, म्हणजे एका रात्रीचा मुक्काम आणि जेवण सुटलं. जळगाव ते धुळे, धुळे ते शहादा, शहाद्याहून घाट चढून वर. मी पूर्ण तिकीट, बायको अर्धं, आई अर्धं.

"म्हणजे आम्ही दोघी मिळून तुमच्याएवढ्या," बायको म्हणाली. ती फैजपूरची. तिथल्या लोकांना बोलायला फार लागत नाही आणि त्यांच्या नजरेतून तर काहीच सुटत नाही.

अक्काला फोन केला. "तुझं अंदाजपत्रक मंजूर झालं का रे?" ती हसली. "की चहा धरून पुन्हा बेरीज करणार?" चहा मी धरलाच होता. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्यायची होती, म्हणून जेवणं मात्र तीनच धरली होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यातली पाच दिवसांची रजा मालकांनी तोंडी कबूल केली.

आणि मग अक्कानेच ती गोष्ट आईच्या कानावर घातली. पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट. पूर्ण फुकट.

आईने मला बोलावलं. "मन्हं वय कितलं शे?"

खरं वय मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. आखाजीच्या आदल्या दिवशी जन्मली, घरात झोका बांधायचं काम चाललं होतं, एवढं तिची आई सांगायची. कार्डाप्रमाणे पाहिलं तर पंच्याहत्तर एक जूनला पुरी होत होती.

"मंग एक जूनना मांगे जासूत."

मी तिला समजावलं. तिचं अर्धं तिकीट तसंही होतं. अर्ध्याचं शून्य होऊन जे वाचणार होतं, त्यात फार तर तिघांचं एक वेळचं जेवण आलं असतं.

"माले पैसा वाचाडाना नही," ती म्हणाली. मग, माझ्याकडे न बघता, "लगनपर्यंत बापनी तिकीट काढं. मंग तुन्हा बापनी. आते तू काढस. हाई मन्हं व्हई. मन्हा नावनं."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आत्याबाई, मे गेला तर थंडी काय जूनमध्ये बघणार? जून लागला की आभाळ येतं."

"मृग लागाना पहिले जाई येसूत," आई म्हणाली. तिचं पंचांग तोंडपाठ होतं. एक जून आणि मृगाच्या मध्ये तिने बरोबर एक आठवडा शोधला होता.

मीही बेरीज पुन्हा मांडली. शाळांच्या सुट्या संपत आल्या की खोल्यांचे दर उतरतात. म्हणजे आकडेही तिच्याच बाजूने पडत होते. मालकांना सांगून रजा जूनच्या पहिल्या आठवड्यात सरकवली. अक्काला कळवलं. ती म्हणाली, "माय जिंकली. तू हिशेबात हरलास असं पहिल्यांदा ऐकते आहे."

मेच्या मध्यावर बायकोने आईची गोधडी काढली. आईनेच तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेली. धुऊन गच्चीवर बिबड्यांच्या, ज्वारीच्या पापडांच्या, शेजारी वाळत घातली. अर्ध्या तासात कडक झाली. घडी करून पिशवीत ठेवली. त्या उकाड्यात गोधडीची पिशवी भरलेलं आमचंच घर असावं. समोरच्या भाऊंनी जिन्यात विचारलंही, "काय हो, काश्मीर का?"

"नाही," मी म्हटलं. "तोरणमाळ."

"अरे वा. मग परत येताना थोडी हवा घेऊन या डब्यात."

मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. भर दुपारी वीज गेली. कूलर थांबला. संध्याकाळपर्यंत येईल म्हणत होते, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. मी मिलमध्ये होतो. बायको खालून पाण्याची कळशी घेऊन वर आली, तेव्हा आई मोरीच्या उंबऱ्यात बसलेली होती. बायकोने हाक मारली तर तिने तिलाच विचारलं, "तू कोन शे?" अंग भट्टीसारखं तापलेलं आणि घाम अजिबात नाही.

दवाखान्यात सांगितलं, उष्माघात. रक्तातलं सोडियम उतरलं होतं, ते हळूहळू चढवावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी हृदयाची तपासणी केली तेव्हा आणखी निघालं. हृदय पूर्वीपासूनच अशक्त होतं, आम्हाला माहीत नव्हतं एवढंच. पहिल्या दिवशी जे पैसे भरायला सांगितले ते बरोबर सहलीला बाजूला काढले होते तेवढेच होते, आणि ते फक्त पहिल्या दिवसाचे होते.

अतिदक्षता विभागातली हवा फार थंड असते. मी भेटायला आत गेलो तर माझेच हात गारठले. आईच्या अंगावर दवाखान्याचं जाड निळं ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढलेलं होतं. तिसऱ्या दिवशी तिला माणसं ओळखू यायला लागली. तिने ब्लँकेटवरून हात फिरवला आणि विचारलं, "हाई तोरणमाळ का?"

"नाही, माय. दवाखाना."

"थंडी शे," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

सुटी देताना मी डॉक्टरांना विचारलं. पुढच्या वर्षी का होईना, डोंगरावर नेता येईल का. ते नीट बोलले. "काका, डोंगराचं सोडा. जिथून दवाखाना दोन तासांवर आहे, तिथे यांना मुक्कामाला ठेवू नका. हे कायमचं समजा."

घरी येऊन मी जागा पुन्हा तपासल्या. दवाखाना जवळ असलेली थंड हवेची ठिकाणं आहेत. ती आमच्या बेरजेत बसत नाहीत. जी बसतात ती स्वस्त असतात, कारण तिथे काही नसतं. याच्यातून वाट निघत नाही. मी दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं.

वरच्या मजल्यावर तिला ठेवायचं नाही एवढं नक्की होतं. अक्काचं घर तळमजल्याला, शहाबादी फरशीचं, आणि पलीकडच्या चौकात मोठा दवाखाना. पाऊस पडून हवा उतरेपर्यंत आई तिच्याकडे राहील असं ठरलं. मी गाडी ठरवणार होतो. आईने ऐकलं नाही. एक जून होऊन गेला होता.

सकाळच्या पहिल्या एसटीने निघालो. कंडक्टर तरुण मुलगी होती. आईने कार्ड माझ्याकडून मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने पुढे केलं. मुलीने तारीख पाहिली.

"अरे वा, आजी, आत्ताच झाली की पंच्याहत्तर! पार्टी कुठे?"

"तोरणमाळले व्हती," आई म्हणाली. "मोडी गई."

मुलीला काही कळलं नाही. तिने हसून मशीन दाबलं, तिकीट फाडून आईच्या हातात दिलं. त्याच्यावर शून्य रुपये छापलं होतं. आईला आकडा ओळखता येतो. तिने शून्यावर बोट ठेवलं, तिकिटाची चौघडी केली आणि धुळ्यापर्यंत मुठीत धरून बसली.

धुळ्याच्या स्टँडवर अक्का रिक्षा थांबवून उभी होती. समोरच्या फलाटावर शहाद्याची गाडी लागलेली होती. खाली उभा राहून एकजण "शहादा, शहादा" ओरडत होता. आई थांबली.

"हाई गाडी तठे जास का?"

"शहाद्यापर्यंत. पुढे दुसरी."

"मन्हं तिकीट चाली का?"

"या गाडीचं नवीन मिळेल. तेही फुकटच."

तिने गाडीकडे बघितलं. पायरी उंच होती. अक्काने तिचा दंड धरला.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "पांघरं ना दवाखानामा. मेच व्हता ना तवय?"

"हो, मेच होता."

"मंग व्हई गयं."

आम्ही रिक्षात बसलो. गोधडीची पिशवी माझ्या मांडीवर होती. बायकोने ती मुद्दाम बरोबर दिली होती. अक्काने घरी गेल्यावर गोधडी उलगडली आणि खाटेवर आईच्या खाली अंथरली, कारण खाटेची पट्टी तिच्या पाठीला टोचत होती. अजूनही ती तिथेच आहे, खाली. धुळ्यात गोधडी पांघरायची वेळ डिसेंबरात येते, आणि डॉक्टर डिसेंबरबद्दल काही बोलत नाहीत.