नळीमागची काळी रेघ

काळजी लागली की किस्सेही नेमके तेव्हाच साठतात!

माझी झोप उडवली माझ्याच रक्तानं. बारामतीच्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन. गावोगाव थॅलेसेमियाची तपासणी ठरली, म्हणून सरावाला आधी स्वतःचं रक्त घेतलं. पातळ मिठाच्या पाण्यात थेंब टाकायचा, अर्ध्या तासानं नळीमागे कागदावरची काळी रेघ धरायची. आरपार दिसली तर ठीक. माझी दिसेना! म्हणजे मी बहुधा 'मायनर', दोष नुसता वाहून नेणारी. मला त्रास काहीच नाही. पण नवराही मायनर निघाला, तर बाळाला मोठा आजार होऊ शकतो. नवरा माझ्या मामाचाच मुलगा, मला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, आणि तो कामाला नाशिकला. पंधरा दिवसांनी येणार!

*

लोणी भापकरला पुण्याच्या डॉक्टर मॅडम चार्ट लावून जनुकं समजावत होत्या. लोक जांभया देत होते. आमचे जीपचे ड्रायव्हर तात्या पुढे झाले. "दोन टायर मिळत्यात. एक आईचा, एक बापाचा. एक पंक्चर आसला तर स्टेपनीवर भागतंय. दोघांनीबी पंक्चरच दिला, तर पोरानं जायचं कसं?"

पुढच्या गावात मॅडमनी चार्ट उघडलाच नाही. "तर मंडळी, स्टेपनी!"

*

तिथलेच एक आबा. "पत्रिका जुळली, आता रगतबी जुळाय पायजे व्हय?"

"उलट आबा!" मी म्हणाले. "हा दोष दोघांचा जुळायला नको."

"मग आमाला भ्या न्हाय. पन्नास वर्सांत आमचं कायबी जुळलं न्हाय!"

मागून त्यांच्या घरच्या आजी म्हणाल्या, "आत्ता जुळलं बगा."

*

लासुर्ण्यात एक सासूबाई थॅलेसेमिया झालेल्या नातवाला घेऊन आल्या. "सुनंच्या माहेरचंच रगत खराब!"

मॅडम म्हणाल्या, "हा आजार एकाकडून होत नाही. निम्मा आईकडून, निम्मा वडिलांकडून."

पदराआडून सून पहिल्यांदाच बोलली, "मॅडम, त्येवढं परत सांगा. मोठ्यानं!"

*

अखेर नवरा आला. रेघेचा कागद नेमका भिजलेला, म्हणून मी नवी रेघ ओढली. पट्टी समोरच, तरी मला सापडेना. लोकांना धीर देणारी मी!

त्याच्या रक्ताचा थेंब टाकून अर्धा तास झाला. मला बघवेना. "मॅडम, तुम्हीच बघा." मी डोळे मिटून घेतले.

पण माझी पाच वर्षांची सई त्यांच्याआधीच टेबलाला हनुवटी टेकून पप्पांच्या नळीतून बघत होती.

"काय दिसतंय गं?" मी डोळे न उघडताच विचारलं.

ती म्हणाली,

"आई, किती वाकडी रेघ काढलीस तू!"