नवीन कार्ड येतंय

आमच्या ऑफिसात कुणाचा पगार वाढला नाही, कुणाची खुर्ची बदलली नाही, किस्से मात्र वाढत गेले. सोडून गेलेली मंडळी आजही भेटली की चहा यायच्या आधी एक जण विचारतोच, "काय गं प्राजू, आलं का नवीन कार्ड?" आणि मग सुरू!

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. अंधेरीला, मरोळच्या एका गाळ्यात आमचा छोटा स्टुडिओ. बिल्डर लोकांच्या न बांधलेल्या इमारती आम्ही कॉम्प्युटरवर बांधून दाखवतो. लॉबी, किचन, गच्चीवरचा स्विमिंग पूल, सगळं! त्याला ताकदीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. आमची कार्डं म्हातारी. आणि आमचे मालक मोने सर रोज सकाळी यूट्यूबवर अफवा ऐकून यायचे. "आत्ता घ्यायचं नाही! पुढची जनरेशन येतेय. लीक झालंय!"

*

एकदा माझ्या शेजारच्या टेबलावरचा उमेश सावंत जोरात ओरडला, "सर, लीक झालंय!"

सर केबिनमधून धावत आले. "कुठल्या साइटवर?"

"साइटवर नाही सर. एसीतून. माझ्या मशीनवर."

सरांनी वर बघितलं, खाली बघितलं. म्हणाले, "बादली लाव. मशीन तसंही बदलायचंच आहे."

*

अफवांच्या तारखा सणावारी चालायच्या. दिवाळीला येणारं कार्ड संक्रांतीला गेलं, संक्रांतीचं पाडव्याला. त्याच्यामागे आमच्या रजाही. सर म्हणायचे, "रेंडर रेंगाळतायत रे! कार्ड आलं की हवी तेवढी रजा घे." रेंडर म्हणजे मशीन चित्र पक्कं करत बसतं आणि आपण मशीनकडे बघत बसतो.

त्या वर्षी उमेश गणपतीला मालवणला गेला नाही. जन्मात पहिल्यांदा. फोन मॉनिटरला टेकवून त्याने गावची आरती बघितली. मशीनचा पंखा इतका घोंघावत होता की झांजा ऐकूच येईनात. तेवढ्यात सर बाहेर आले. "अरे वा, आरती! प्रसाद कुठाय?"

उमेश फोनवरची नजर न काढता म्हणाला, "येतोय सर. कार्डाबरोबरच."

*

माझं म्हणाल तर मुलुंडच्या एका स्टुडिओने मला बोलावलं होतं. सर म्हणाले, "थांब गं. पहिलं कार्ड तुझ्या मशीनला. तूच लीड." मी थांबले. त्या जागेवर दुसरी मुलगी लागली, माझ्याच हाताखाली शिकलेली. महिन्याभरात तिचा फोन.

"ताई, काय झकास मशीनं आहेत इथे! तू का नाही आलीस गं?"

"रेंज नाहीये," म्हटलं आणि फोन ठेवून दिला. रेंज फुल होती.

*

मग एकदाचं कार्ड लाँच झालं! सर आम्हाला पेढे देऊन थेट घाटकोपरला गेले, आमच्या नेहमीच्या दुकानदाराकडे. जिग्नेशभाईंनी थंड घेणार का विचारलं आणि सांगितलं, "लाँच झाला साहेब. माल नाय आला."

"मग जुनं द्या."

"जुना तर संपला. तुमी थांबला, बाकीच्यांनी घेतला ना!"

सर परत आले ते तोंड पाडून. दुसऱ्या दिवशी आम्ही बघतो तर चेहरा फुललेला. "बरं झालं मिळालं नाही! ह्याच्याहून भारी मॉडेल येतंय. लीक झालंय!"

त्या दिवशी कुणी हसलं नाही यार.

*

सगळ्यात मोठं काम होतं कांजूरच्या एका बिल्डरचं. गंमत अशी की त्यानेच नवा टॉवर बांधायला उमेशची चाळ पाडली होती. सावंत मंडळी भाड्याच्या खोलीत, ताबा 'पुढच्या वर्षी', आणि ती पुढची वर्षं येऊन जात होती. त्याच टॉवरचा व्हिडिओ उमेश बनवत होता!

व्हिडिओला उशीर झाला म्हणून बिल्डर ऑफिसात येऊन गरजला. सर म्हणाले, "जरा थांबा शेट, नवीन कार्ड येतंय."

"तारखा देऊन माणसाला फिरवता? शरम नाही वाटत? एकदा शब्द दिला की पाळायचा असतो!"

उमेश समोरच बसला होता. पाणी आणतो म्हणून उठला तो परत मीटिंगमध्ये आलाच नाही. जिन्यात गाठलं तर भिंतीला पाठ लावून उभा. "प्राजू, बरोबर बोलला गं तो," एवढंच म्हणाला.

*

शेवटी कार्ड आलं. खरंच आलं. बिल्डरने दम दिला म्हणून सरांनी कुठूनतरी पैदा केलं. जिथे तासन् तास जायचे, तिथे आता माऊस हलवला की आख्खं घर फिरत होतं.

टॉवर अजून जोत्यावरच होता. उमेशची आई त्या भाड्याच्या खोलीतच वारली, कार्ड यायच्या आधीच्या पावसाळ्यात. एका शनिवारी उमेश वडिलांना घेऊन ऑफिसात आला. "बाबांना घर दाखवतो जरा."

बाबा जुने गिरणी कामगार. चपला दाराबाहेर काढून आले. मी खुर्ची दिली. उमेश त्यांना दारातून आत घेऊन गेला. हॉल, बेडरूम, गॅलरी. खिडकीबाहेर आम्ही लावलेली हिरवीगार टेकडी.

"हो डोंगर खंयचो?"

"फोटो आहे बाबा. तसा लावतात."

"कांजुराक डोंगर आसा, पण तो कचऱ्याचो!" बाबा हसले. आम्हीही हसलो. सरसुद्धा.

मग किचन आलं. पांढरा ओटा, त्यावर भाजीची टोपली, आणि ओट्यापाशी पाठमोरी उभी एक बाई. बाबा पुढे वाकले.

"ही कोण?"

"कोणी नाय बाबा. रेडीमेड मिळते. सगळ्या किचनमध्ये आम्ही हीच उभी करतो."

बाबांनी स्क्रीनवर, ओट्यापाशी बोट टेकवलं. मग म्हणाले, "हिका काढ थयसून."